चित्रावरची टीप : छायाचित्र-भाष्यांकनाची मोफत आणि मुक्त साधने

एखाद्याने तत्त्वांना हरताळ फासला असे आपण सहज म्हणतो. पण हरताळ हा मुळात लेखनसाहित्याचा भाग होता. पोथी उतरवताना अक्षर चुकले की लेखनिक त्यावर या पिवळ्या खनिजाचा, म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांच्या संयुगाचा, लेप देत असे. लेप वाळला की त्यावरच दुरुस्त अक्षर लिहीत. टीका, टीप, समास हे शब्दही याच घराण्यातले. मूळ संहिता मधोमध ठेवून तिच्या वर-खाली टीका लिहिण्याची पद्धत हस्तलिखितांत रूढ होती. रामदासांच्या दासबोधातील एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे, आणि पानाच्या चारी बाजूंना मोकळी जागा सोडावी ही सूचना त्यात आवर्जून येते. मजकुरावर खूण करणे, त्याच्या बाजूला टीप लिहिणे आणि नको तो भाग झाकणे या तीन क्रिया आज छायाचित्रावर केल्या जातात. त्यांना प्रस्तुत लेखात ‘भाष्यांकन’ म्हटले आहे. छायाचित्राची काटछाट, प्रकाश-रंगांची दुरुस्ती आणि आकारबदल यांना ‘संपादन’ ही संज्ञा योजली आहे. दोन्ही कामे एकाच आज्ञावलीत होऊ शकतात, पण ती एक नव्हेत. भाष्यांकन चित्राविषयी काही सांगते, तर संपादन चित्रच बदलते. साधन निवडताना हा भेद आधी ध्यानात घ्यावा लागतो.

भाष्यांकनाची निकड कोठे भासते ते पाहायचे तर ठाणे जिल्ह्यातील भिवंडीसारखे गाव नाही. एकीकडे यंत्रमागांचा अखंड खडखडाट, दुसरीकडे मानकोली, काल्हेर, पूर्णा, राहनाळ या बाजूंना पसरलेली गोदामे. मागावरचे कोरे कापड प्रक्रियेसाठी सुरत, पाली, बालोतरा अशा दूरच्या ठिकाणी जाते, आणि गोदामांत उतरलेला माल पुन्हा मुंबई महानगरात व देशभर फुटतो. देणारा आणि घेणारा एकमेकांसमोर उभे नसतात. ताग्यात दोष निघाला, खोक्याचा कोपरा चेपला, गाठोडे भिजले, की वाद छायाचित्रावर चालतो. ‘फोटो टाका’ ही आज या व्यापारातली पहिली मागणी आहे आणि फोटो हाच पहिला पुरावाही.

असे एक छायाचित्र डोळ्यांसमोर आणू. कापड टेबलावर पसरले आहे, एका कडेला अंगठा आला आहे, वरच्या दिव्याची चकाकी मधोमध पडली आहे. पेढीच्या कारकुनाने, म्हणजे मेहताजींनी, व्हॉट्सअॅपमधल्याच पेन्सिलने बोटाने लाल वर्तुळ काढले आहे, आणि ते इतके जाड आहे की तुटलेला ताणा, म्हणजे कापडातली उभी तार, नेमका त्याच रेषेखाली झाकला गेला आहे. पलीकडचा माणूस विचारतो, दोष कुठे आहे? उत्तरादाखल दुसरे छायाचित्र जाते, मग तिसरे. यात मेहताजींचा दोष नाही. बोटाने काढलेली रेघ बोटाएवढीच जाड येणार. याउलट, त्याच कापडावर दोषाशेजारी पोलादी मोजपट्टी ठेवली, छायाचित्राला उजवीकडे पांढरा समास जोडला, दोषापर्यंत जाणारा एक बारीक बाण काढला आणि टीप समासात लिहिली, तर एकाच चित्रात काम भागते. रामदासांची मोकळी जागा सोडण्याची सूचना येथे जशीच्या तशी लागू पडते. चित्राभोवतीचे पृष्ठ मोठे करण्याची सोय बहुतेक सर्व संपादन-आज्ञावलींत असते आणि ती फार थोडे लोक वापरतात.

मोजपट्टीचे महत्त्व कापडाच्या प्रतवारीशी निगडित आहे. कापड तपासणीत जगभर रूढ असलेल्या चतुर्गुण पद्धतीत तीन इंचांपर्यंतच्या दोषाला १ गुण, तीन ते सहा इंचांना २, सहा ते नऊ इंचांना ३ आणि त्यापुढे ४ असे दोषगुण दिले जातात. एका वारात चारांपेक्षा अधिक गुण धरत नाहीत, आणि १०० चौरस वारांना ४० गुण ही सर्वसाधारण स्वीकारमर्यादा मानतात. म्हणजे दोष आहे एवढे दाखवून भागत नाही. तो किती लांब आहे हे दाखवावे लागते. मोजमापाशिवायच्या छायाचित्रातला दोन इंचांचा पट्टा दहा इंचांचा भासू शकतो.

भाष्यांकनाच्या खुणांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. बाण, वर्तुळ, चौकट या निर्देशक खुणा; १, २, ३ असे वर्तुळातले क्रमांक; आणि लिखित टीप. भिवंडीपुरते बोलायचे तर यांत क्रमांकाला मी सर्वांत वरचे स्थान देईन. येथे मागावरचा कारागीर उर्दू वा भोजपुरी बोलणारा असतो, कोणी तेलुगूभाषक पद्मशाली विणकर असतो, हिशेब मराठीत वा गुजरातीत चालतो आणि पावती इंग्रजीत निघते. चित्रावर लिहिलेले वाक्य यांतल्या निम्म्यांना वाचता येणार नाही, पण वर्तुळातला ३ सर्वांना कळतो. ‘तीन नंबर बघ’ हे दूरध्वनीवर कोणत्याही भाषेत सांगता येते.

आता साधनांच्या निवडीकडे येऊ. येथे इंग्रजीपेक्षा मराठी अधिक समर्थ ठरते. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दात दोन अर्थ कोंबलेले आहेत. आपल्याकडे मोफत वेगळे आणि मुक्त वेगळे. मोफत म्हणजे दाम न मोजता मिळणारे. मुक्त म्हणजे जिची स्रोतसंहिता पाहता येते, बदलता येते आणि जी पुढे वाटता येते अशी आज्ञावली. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ मध्ये स्थापन केलेल्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने हा दुसरा अर्थ रुजवला. १९८९ साली निघालेला जीएनयू सार्वजनिक परवाना, म्हणजेच जीपीएल, हे त्याचे कायदेशीर रूप होय. मोफत वस्तूला मालक असतो आणि तो उद्या विचार बदलू शकतो. पिकासा ही छायाचित्रांची आज्ञावली याचे ठळक उदाहरण. गूगलने २००४ मध्ये ती विकत घेतली, फुकट वाटली, असंख्य घरांत आणि दुकानांत ती बसली, आणि २०१६ मध्ये ती बंद करण्यात आली. तिची स्रोतसंहिता खुली नसल्याने दुसऱ्या कोणाला ती पुढे चालवता आली नाही.

मोफतीतही पोटभेद आहेत आणि व्यापाऱ्याने ते नीट वाचले पाहिजेत. इर्फानव्ह्यू ही चित्रे पाहण्याची छोटी, अतिशय वेगवान आज्ञावली १९९६ पासून चालत आली आहे. तिचे कर्ते इर्फान श्किल्यान हे बोस्नियातील यायत्से गावचे. व्हिएन्नात शिकत असताना त्यांनी ती रचली. पण ही आज्ञावली घरगुती व अव्यापारी वापरापुरतीच मोफत आहे. गोदामाच्या वा पेढीच्या संगणकावर ती वापरायची तर शुल्क भरून नोंदणी करावी लागते. ते शुल्क मोठे नाही. तरीही ‘नेटवर फुकट मिळाली’ म्हणून कचेरीत बसवणे हा परवान्याचा भंगच होय. दोनशे छायाचित्रांचा आकार एका दमात कमी करणे, त्यांना अनुक्रमाने नावे देणे या कामात मात्र तिला तोड नाही.

पेंट-डॉट-नेट या आज्ञावलीची स्थिती निराळी आहे. २००४ साली वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात विद्यार्थ्यांचा प्रकल्प म्हणून ती सुरू झाली आणि रिक ब्रूस्टर यांनी ती पुढे नेली. तिची संहिता आज खुली नाही, म्हणून ती मुक्त नव्हे. परंतु तिच्या संकेतस्थळावरून घेतलेली प्रत घर, शाळा, व्यवसाय अशा कोणत्याही ठिकाणी मोफत वापरण्यास परवानगी आहे. विंडोजच्या दुकानातून घेतल्यास मात्र तिचे पैसे पडतात. तिच्यात थरांची सोय आहे. थर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक काचा: छायाचित्र खालच्या काचेवर, बाण वरच्या काचेवर. बाण चुकला तर वरची काच पुसावी, खालचे चित्र अबाधित राहते. रेषेच्या टोकाला बाण लावणे येथे सोपे आहे. उणीव एकच, ती म्हणजे लिहिलेली अक्षरे एकदा पक्की झाली की ती चित्रबिंदूंत विरघळतात आणि मग शुद्धलेखनाची चूक दुरुस्त करायला सगळे पुसून पुन्हा लिहावे लागते.

विंडोजसोबत येणाऱ्या साध्या ‘पेंट’ला कमी लेखण्याचे कारण नाही. १९८५ च्या पहिल्या विंडोजपासून ते सोबत आहे. २०१७ मध्ये ते मोडीत निघणार अशी वार्ता पसरली तेव्हा जगभरातून एवढी हळहळ व्यक्त झाली की मायक्रोसॉफ्टला ते राहील असे जाहीर करावे लागले, आणि २०२३ मध्ये त्याला चक्क थर व पारदर्शकता लाभली. चेपलेल्या खोक्याभोवती एक चौकट काढायची एवढेच काम असेल तर नवे काही बसवण्याची गरजच नाही.

केवळ भाष्यांकनासाठी घडवलेल्या आज्ञावलींचा मूळ हेतू संगणकाच्या पडद्याचे चित्र टिपून त्यावर खुणा करणे हा होता. ग्रीनशॉट आणि शेअरएक्स या दोन्ही विंडोजवरच्या, दोन्ही जीपीएलखालच्या, म्हणजे खऱ्या अर्थाने मुक्त. पडदा टिपण्याऐवजी आधीच काढलेले छायाचित्रही त्यांच्या संपादकात उघडता येते. ग्रीनशॉटमध्ये बाण, चौकट, ठळक पट्टा, धूसर करणे आणि मुख्य म्हणजे आपोआप वाढणारे क्रमांक आहेत: प्रत्येक टिचकीला पुढचा आकडा वर्तुळात उमटतो. शेअरएक्समध्ये हेच आहे आणि त्याखेरीज इतके काही आहे की नवखा माणूस पर्यायांतच हरवून जातो. केस्निप ही तिसरी मुक्त आज्ञावली विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते. सी-डॅकने घडवलेली ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स-प्रणाली किंवा तत्सम काही वापरणाऱ्यांनी तिचा विचार करावा. गोदामातल्या एकाच सामाईक संगणकासाठी मला विचाराल तर मी ग्रीनशॉट सांगेन. शिकवायला अर्धा तास पुरतो.

जिंप या मुक्त संपादन-आज्ञावलीचे नाव अशा चर्चेत सर्वांत आधी घेतले जाते, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने. स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या बर्कली येथील विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये ती रचायला घेतली आणि १९९६ च्या आरंभी ती प्रसिद्ध केली. तिच्यासाठी बनवलेला खिडक्या-कळांचा संच पुढे स्वतंत्र झाला आणि लिनक्सच्या पडद्याचा एक आधारस्तंभ ठरला. तीस वर्षांनंतरही ती जिवंत आहे. मार्च २०२५ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत अविनाशी संपादन आले, म्हणजे प्रक्रिया लावूनही मूळ चित्रबिंदू तसेच राहतात आणि प्रक्रिया केव्हाही मागे घेता येते. लिहिलेली अक्षरे तिच्यात स्वतंत्र थरावर राहतात, म्हणून पुन्हा दुरुस्त करता येतात. साड्यांची सूची छापणाऱ्याने, पार्श्वभूमी कापून रंग जुळवणाऱ्याने जिंप जरूर शिकावी. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात तिचे पाठ विनामूल्य उपलब्ध आहेत. परंतु साधा बाण काढायला जिंपमध्ये सरळ साधनच नाही, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते. टीप लिहिण्यापुरती ती शिकणे म्हणजे सुपारी फोडायला घण आणणे.

फोनवरच काम संपवणाऱ्यांना गूगल फोटोज, आयफोन यांच्यातील अंगभूत खुणा पुरतात. बोटाऐवजी दोन टोके ओढून काढायचे आकार मिळाले तर तेच वापरावेत. स्नॅपसीड ही मोफत आज्ञावली प्रकाश-छाया सुधारण्यात निष्णात आहे, पण तिचा ओढा सौंदर्यवर्धनाकडे. डाग मिटवण्याचे साधन तिच्यात आहे, आणि जे चित्र डागाचा पुरावा म्हणून पाठवायचे त्यावर ते चालवणे म्हणजे काय हे सांगायला नको. फोटोपीया ही इव्हान कुत्स्किर यांनी २०१३ मध्ये आणलेली आज्ञावली काहीही न बसवता ब्राउझरमध्ये चालते. ती चित्र दूरच्या संगणकाला न पाठवता आपल्याच यंत्रावर उघडते. बदल्यात जाहिराती दाखवते.

कोणतीही आज्ञावली घेतली तरी संक्षेपणाचा प्रश्न उरतो, आणि कापडाच्या बाबतीत तो जिव्हाळ्याचा आहे. १९९२ चे जेपीईजी हे मानक चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे तुकडे पाडते आणि प्रत्येक तुकड्यातला बारीक, झपाट्याने बदलणारा तपशील आधी टाकून देते. यामागील गणित, म्हणजे विविक्त कोज्या रूपांतर, बंगळूरला जन्मलेल्या नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. आकाश, चेहरा, भिंत यांना हे गणित वरदान ठरते. पण कापडाची वीण म्हणजे निव्वळ बारीक, झपाट्याने बदलणारा तपशीलच. इंचाला ७० ताणे असलेले एक मीटर रुंद कापड ४,००० बिंदूंच्या रुंदीत टिपले, तर एका ताण्याच्या वाट्याला जेमतेम दीड बिंदू येतो. तार आणि तिच्या शेजारची फट वेगळी दिसायला किमान दोन हवेत. तीच चौकट ३० सेंटीमीटरवर आणली की वाट्याला पावणेपाच बिंदू येतात आणि तुटलेली तार मोजता येते. म्हणून दुरून एक छायाचित्र जागेसाठी आणि जवळून एक दोषासाठी, ही जोडी हवी. व्हॉट्सअॅपवर साधे चित्र पाठवले की ते आकुंचन पावते. तेच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले तर जसेच्या तसे पोचते. जेपीईजी चित्र पुन्हापुन्हा उघडून, बदलून साठवल्यास दर खेपेस थोडी घट होते. भाष्यांकित प्रत पीएनजी या घटरहित रूपात ठेवणे त्यामुळे श्रेयस्कर.

झाकण्याच्या क्रियेत चुका सर्वाधिक होतात. गोदामात येणाऱ्या चालकाच्या आधारपत्राचे छायाचित्र घेतले जाते. पहिले आठ आकडे झाकून शेवटचे चारच दिसावेत ही आधार प्राधिकरणाचीच रूढ केलेली रीत आहे. पण पुष्कळदा ठळक करण्याच्या पट्टीला काळा रंग देऊन आकडे खोडले जातात. ती पट्टी अर्धपारदर्शक असते. उजळपणा वाढवला की खालचे आकडे वर येतात. धूसर करणे, पिळणे हेही भरवशाचे नाही. चेहरा भोवऱ्यासारखा पिळून टाकलेली एका गुन्हेगाराची छायाचित्रे जर्मन तज्ज्ञांनी उलट पिळून सरळ केली आणि २००७ मध्ये इंटरपोलने तो चेहरा प्रसिद्ध केला. झाकायचे तर अपारदर्शक भरीव चौकोनानेच झाकावे, आणि थर एकत्र करून सपाट प्रत पाठवावी. काटछाटीवरही आंधळा विश्वास नको. मार्च २०२३ मध्ये असे उघडकीस आले की गूगलच्या पिक्सेल फोनमधले खुणांचे साधन आणि विंडोजचे स्निपिंग टूल कापलेल्या चित्राच्या धारिकेत मूळ चित्राचा उरलेला अंश शेपटासारखा ठेवून देत होते, आणि तो परत मिळवता येत होता. दोन्ही दोष नंतर दुरुस्त झाले. त्याआधी पाठवलेली चित्रे मात्र जिथे गेली तिथेच आहेत.

आज्ञावली उतरवून घेताना तिच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावी. २०१५ मध्ये सोर्सफोर्ज या प्रसिद्ध भांडारावरील जिंपची विंडोज-प्रत जाहिरातींच्या वेष्टनात गुंडाळलेली आढळली. तिच्या कर्त्यांनी ते भांडार त्यापूर्वीच सोडलेले होते. शोधयंत्रात सर्वांत वर दिसणारा दुवा पुष्कळदा जाहिरातीचा असतो.

मराठीत टीप लिहिणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. जोडाक्षरे फुटतात, वेलांटी भलत्या अक्षरावर बसते. याचे कारण बहुधा जुना, युनिकोडपूर्व टंक किंवा देवनागरीची रचना न जाणणारी आज्ञावली. युनिकोड टंक आणि इन्स्क्रिप्ट कळफलक वापरल्यास जिंपमध्ये व पेंटमध्ये देवनागरी व्यवस्थित उमटते. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा मुक्ता हा टंक मुक्त परवान्याखाली मिळतो. त्याची अक्षरे लहान आकारातही सुटी आणि सुवाच्य राहतात, म्हणून समासातल्या टिपेसाठी तो उत्तम.

शेवटी मूळ प्रतीविषयी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ अन्वये विद्युतीय नोंद न्यायालयात मांडायची तर सोबत प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि त्याच्या नमुन्यात धारिकेचे हॅश-मूल्य, म्हणजे तिच्या आशयावरून काढलेला अंगठ्याच्या ठशासारखा आकडा, नोंदवण्याची जागा आहे. एक चित्रबिंदू बदलला तरी हा आकडा पार बदलतो. भरपाईच्या दाव्यात बाण काढलेली प्रत समजावण्यासाठी उपयोगी पडते. पुराव्याला कॅमेऱ्यातून निघालेली अस्पर्श धारिकाच लागते, तिच्यातल्या तारीख-वेळेच्या अधिमाहितीसह. व्हॉट्सअॅपवरून साधे चित्र म्हणून आलेल्या प्रतीत ही अधिमाहिती उरत नाही. म्हणून गोदामाच्या संगणकावर दोन कप्पे करावेत, एक ‘मूळ’ आणि एक ‘टीप’. गाडी रिकामी होण्यापूर्वीच त्या दिवसाची छायाचित्रे फोनमधून तारेने पहिल्या कप्प्यात उतरवावीत, धारिकांना केवळ वाचनाची मुभा ठेवावी, आणि ग्रीनशॉट उघडायचे ते दुसऱ्या कप्प्यातल्या नकलेवर.